चोवीस प्रश्न आणि एक गुळव्या

“ऐकायला काही त्रास होतो का?” या प्रश्नाचं आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातलं उत्तर मला आता पाठ झालंय. “मला काय झालंय? घरातलीच तोंडातल्या तोंडात बोलत्यात!” हे उत्तर देणारा माणूस इतक्या मोठ्यानं बोलतो, की बाहेरच्या बाकावर बसलेले चार जण दचकून दाराकडे बघतात. आणि सोबत आलेली बायको माझ्याकडे बघून मान हलवते. त्या मान हलवण्यात बहुतेक वेळा दहा वर्षं असतात.

मी ऑडिओलॉजिस्ट. कानाचं ऑपरेशन करतात ते डॉक्टर वेगळे. मी ऐकणं मोजते आणि कमी ऐकू येणाऱ्याला यंत्र बसवून देते. पंचवीसहून जास्त वर्षं हे काम करत आले. त्यातली बरीचशी शाहूपुरीतल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, एका अशा खोलीत गेली जिचं दार लावलं की बाहेरचा हॉर्नसुद्धा आत येत नाही. लोक मला ‘कानाच्या बाई’ म्हणतात. गल्लीतल्या रिक्षावाल्याला माझं मगदूम हे आडनाव अजून माहीत नाही, पण ‘कानाच्या बाईंकडं जायचंय’ म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडतो.

त्या खोलीत माणसाला हेडफोन लावून बारीक-जाड आवाज ऐकवायचे, ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. शेवटी एक आलेख निघतो. डावीकडून उजवीकडे जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत, आणि रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. वय झालेल्या बहुतेकांची रेघ उजवीकडे घाटासारखी उतरत जाते. आवाज येतो, पण शब्द कळत नाही; ‘सात’ म्हटलं का ‘हात’ म्हटलं ते उमजत नाही.

शिकत असताना मला वाटायचं, हा आलेख म्हणजेच सगळं. कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी दोन माणसं एकाच आठवड्यात आली. दोघांच्या रेघा एकावर एक ठेवल्या तर एकच दिसली असती. त्यातली बाई बँकेत काउंटरवर बसायची. काचेपलीकडून गिऱ्हाईक काय म्हणतं ते कळेना म्हणून सांगताना रडायला लागली. दुसरा गृहस्थ मळ्यात एकटा राहणारा. त्याला पोरानं ओढून आणला होता. “म्हशीला मी हाक मारतो, म्हैस मला मारत न्हाय,” म्हणाला आणि चहा पिऊन गेला. कान सारखेच, त्रास मात्र जमीन-अस्मानाइतका वेगळा. कान यंत्रानं मोजता येतो. त्रास किती आहे हे मात्र त्या माणसालाच विचारावं लागतं. त्यासाठी आमच्या शास्त्रात प्रश्नावल्या आहेत. यंत्र देण्याआधी एकदा भरून घ्यायची, दिल्यावर काही महिन्यांनी पुन्हा. त्रासाचे गुण कमी झाले, तर यंत्राचा उपयोग झाला असं समजायचं.

आम्ही वापरायचो ती प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणलेली होती. आणली होती म्हणजे मीच रात्रंदिवस शब्दकोश घेऊन आणली होती, आणि मला तिचा केवढा अभिमान! ‘श्रवणदोषामुळे आपणांस सामाजिक समारंभांत संकोच वाटतो काय?’ असे चोवीस प्रश्न. प्रत्येकापुढे ‘होय’, ‘कधीकधी’, ‘नाही’. नाहीला शून्य, कधीकधीला एक, होयला दोन. काही वर्षांत माझ्याकडे जाडजूड फायली झाल्या. बहुतेक पेशंट यंत्र घेतल्यावर ‘नाही, नाही, नाही’ लिहून जायचे. मी गुणांची बेरीज करायची आणि खूश व्हायची.

त्या खुशीला हिराबाईंनी सुरुंग लावला. गगनबावड्याकडच्या एका वाडीतून त्या यायच्या. एकट्या, एसटीनं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दुसरी प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात यंत्राची डबी. नवरा गेलेला, भावानं यंत्र घेऊन दिलेलं. तीन वेळा तपासणीला आल्या, तिन्ही वेळा मी प्रश्न वाचून दाखवले. तिन्ही वेळा हसून म्हणाल्या, “काय तरास न्हाय, बाई. झकास हाय.” चौथ्या वेळी काही कारण नसताना मी यंत्र हातात घेऊन उघडलं. आत नवी बॅटरी, आणि तिच्यावरचा कागदी स्टिकर तसाच. तो स्टिकर काढल्याशिवाय ती बॅटरी चालूच होत नाही. मी घातलेली पहिली बॅटरी संपल्यावर त्यांनी दुसरी घातली, ती स्टिकरसकट. तिसरीही तशीच, आणि आता हीसुद्धा. म्हणजे इतके महिने ती बाई कानात मुकं यंत्र घालून येत होती, आणि मी तिच्या नावापुढे शून्य गुण, उत्तम प्रगती, असं लिहीत होते.

“हिराबाई, हे बंद होतं! सांगितलं का नाही?”

“तुमी एवढ्या मायेनं इचारताय,” त्या ओशाळून म्हणाल्या, “तुमास्नी वाईट कसं सांगू?”

मी स्टिकर काढून दाखवला, त्यांच्याकडून तीनदा काढून घेतला, महिन्यानं या म्हणाले. त्या आल्या नाहीत. दिलेला फोन शेजाऱ्यांचा होता, तो लागेना. त्यांना पुढे ऐकू आलं की नाही, मला आजही माहीत नाही. इतक्या वर्षांच्या कामात चुका बऱ्याच झाल्या, पण ही एक मनातून जात नाही. कागदावर सगळं ठीक होतं म्हणून मी तिन्ही वेळा यंत्र उघडून बघितलं नव्हतं.

त्याच सुमारास कांबळे गुरुजी आमच्याकडे पेशंट म्हणून यायला लागले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, खिशाला नेहमी दोन पेनं: एक निळं, एक लाल. मी त्यांना प्रश्नावली घरी न्यायला दिली. चार दिवसांनी त्यांनी ती परत आणली, उत्तरं न लिहिता. सगळ्या कागदावर लाल शाई.

“मगदूमबाई, हा पेपर कुणासाठी काढलाय?” त्यांनी विचारलं.

“पेशंटसाठी, गुरुजी.”

“पेशंटला कळला पाहिजे ना मग? ‘संकोच’ म्हणे. आमच्या गल्लीत संकोच कुणाला वाटत नाही; लाज वाटते, नाहीतर राग येतो. आणि हे बघा. ‘उपाहारगृहात मित्रांसमवेत संभाषण करताना.’ माझी मित्रमंडळी पारावर बसतात. हे ‘धार्मिक सभा’ काय आहे? मी रविवारी विहारात वंदनेला जातो. तिथं हॉल घुमतो, एक अक्षर कळत नाही. पण ‘धार्मिक सभा’ वाचून मला वाटलं, ही सभा कुठं भरली, आपण तर गेलो नाही. म्हणून ‘नाही’ लिहिणार होतो.”

 विद्यार्थ्याचा पेपर परत देताना मास्तर असेच बोलत असणार. राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण समोर हिराबाईंचा स्टिकर दिसत होता.

मी म्हणाले, “गुरुजी, तुम्हीच लिहून द्या मग.”

“मी एकटा लिहून काय उपयोग? विचारू लोकांना.”

आणि मग सुरू झालं आमचं शनिवारचं काम. गुरुजी स्वतःचं यंत्र लावून बाहेरच्या बाकावर बसायचे, आलेल्या माणसांशी बोलायचे, कुणाला कुठं ऐकू येत नाही ते त्यांच्याच शब्दांत वहीत टिपून घ्यायचे. संध्याकाळी आम्ही दोघं ते वाचायचो. ‘धार्मिक सभा’ची जागा ‘देऊळ, बस्ती, विहार, मशीद, जिथं जाता तिथं’ या शब्दांनी घेतली. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. तो शब्द मी घालायला लावला, कारण माझ्या सासूबाईंना प्रवचनात काही कळत नाही हे मला घरात रोज ऐकायला मिळायचं. ‘उपाहारगृह’ गेलं, ‘एसटीत कंडक्टर काय म्हणतो ते कळायला त्रास होतो का’ आलं. ‘आपणांस न्यूनगंड वाटतो काय’ याच्या जागी, ‘पुन्हा पुन्हा काय म्हणालात असं विचारायची लाज वाटून नुसतीच मान हलवता का?’ हा प्रश्न आला. तो वाचला की लोक हसायचे. मग हसणं थांबायचं, आणि ‘हो’वर खूण व्हायची.

शास्त्रात मान्यता मिळालेली प्रश्नावली आम्ही टाकून दिली नाही. ती रीतसर भरतोच, कारण आमचा कागद काही संशोधन करून सिद्ध झालेला नाही. पण पेशंटशी बोलायला आमचा कागद. हिराबाईंकडून शिकून मी दोन नियम केले. एक, प्रश्न मी विचारायचे नाहीत, गुरुजींनी विचारायचे. यंत्र देणाऱ्या बाईला वाईट वाटेल अशी भीती त्यांच्यापुढे नसते. दुसरा, तोच कागद घरातल्या एका माणसानं वेगळा भरायचा, पेशंटबद्दल. आणि शेवटी तीन ओळी कोऱ्या. ‘तुम्हाला काय ऐकू यायला पाहिजे?’ एवढंच वर लिहिलेलं.

हे सगळं होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा आप्पा आले.

बिद्रीच्या बाजूच्या एका गावचे. पासष्ट-सहासष्ट वय, उंचापुरा देह, धोतर, हातांवर भाजल्याचे जुने पांढरे डाग. सोबत बायको, सुशीलाकाकू. काकूंनी धरून आणलंय हे चालण्यावरूनच कळत होतं. तपासणी केली, रेघ चांगलीच खाली होती, दोन्ही कानांची. इतकी, की समोर तोंड न बघता बोललं तर निम्मंही कळू नये. गुरुजींनी कागद भरून घेतला, दुसरा काकूंकडून, वेगळ्या कोपऱ्यात बसवून. मग दोन्ही माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

आप्पांचे गुण शून्य. चोवीसच्या चोवीस ‘नाही’.

काकूंच्या कागदावर एक्केचाळीस.

मी दोघांना समोर बसवलं. काकूंना आप्पांचा कागद वाचून दाखवल्यावर त्या उसळल्याच. “काय तरास न्हाय? आवो, दारात येऊन पावणं हाक मारून मारून परत गेलं! नातू आज्जा-आज्जा करून रडलं तरी ह्यास्नी पत्ता न्हाय!”

“तू गप की. बाई इचारत्यात ते तितं जाईल त्याला. मी कुठं जातोय?”

आप्पा रागानं बोलले होते, पण ते वाक्य माझ्या कानाला लागलं. मी कागद पुन्हा उचलला. एसटी, देऊळ, लग्नकार्य, पारावरच्या गप्पा, शेतकऱ्यांच्या सोसायटीची मीटिंग. मी मोठ्यानं, त्यांच्याकडे तोंड करून विचारलं, “आप्पा, लग्नाला शेवटचं कधी गेलता?”

“न्हाय जात.”

“पारावर?”

“न्हाय.”

“मीटिंगला?”

“कशाला? गुडघं दुखत्यात.”

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं.  या माणसानं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. जिथं जिथं ऐकू येत नाही, तिथं तिथं तो जायचाच बंद झाला होता. मग त्रास कुठून होणार? चोवीस ‘नाही’ म्हणजे चोवीस ठिकाणं त्यानं सोडून दिली होती, आणि मी अशा किती शून्यांवर खूश होऊन फायली बंद केल्या होत्या कुणास ठाऊक.

“आप्पा, काम काय करायचा?” गुरुजींनी विचारलं.

 काकूच बोलल्या, आता आवाज उतरलेला. “गुळव्या हाईत ते. चाळीस वर्सं गुळव्या. पाच-पाच गावचं गुऱ्हाळवालं दारात यायचं.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळून त्याचा गूळ करतात. काहील चुलीवरून कधी उतरायची हे सांगतो तो गुळव्या. थोडी आधी उतरली तर गूळ मऊ राहतो, थोडी उशिरा उतरली तर करपून काळा पडतो. त्या घटकेत शेतकऱ्याचं वर्ष असतं, आणि तिथं गुळव्याचा शब्द शेवटचा.

“मग आता?” मी विचारलं.

“तीन सीझन झालं, सोडलं.” आप्पा खिडकीकडे बघत होते. मग आपणहूनच बोलायला लागले. “डोळ्यानं न्हाय दिसत ते, बाई. सकाळच्या थंडीत काहिलीवर वाफ असती, हात दिसत न्हाय. कानानं कळतंय. आदी रस खळखळतोय, पाण्यागत. मग फेस येतोय, आवाज बसतोय. शेवटाला फट-फट-फट. त्या फटफटीत एक बारीक आवाज निघतोय, त्यो आला की उतरायचं. त्यो माझा गेला. मी वाट बघत हुबा, आणि आवाज येऊन गेलता. काहील काळी झाली.”

“गुऱ्हाळाचा मालक बोलला असेल,” मी म्हणाले.

“न्हाय बोलला. बोलला असता तर बरं झालं असतं.”

दुसऱ्या दिवसापासून गुडघे दुखायला लागले होते. काकूंना हे सगळं त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. त्या पदर तोंडाला लावून बसून राहिल्या.

मी कागद पुढे सरकवला. शेवटच्या तीन कोऱ्या ओळी. “सांगा आप्पा, गुरुजी लिहून घेतील.” आप्पांनी एकच गोष्ट सांगितली. ‘काहिलीचा बारीक आवाज.’ बाकी दोन ओळी कोऱ्याच राहिल्या.

माझ्या सगळ्या नोकरीत असं मागणं कुणी केलं नव्हतं. लोकांना नातवंडांचं बोलणं हवं असतं, टीव्ही हवा असतो, फोन हवा असतो. आमची यंत्रं बोलणं ऐकू यावं म्हणून केलेली. त्यांना शिकवलेलं असतं, की एकसारखा चालणारा आवाज हा कचरा आहे, दाबून टाक. पंखा, गाडीचं इंजिन, मिक्सर. काहील उकळते ती त्याच जातीत मोडते! मी नेहमीसारखं यंत्र दिलं असतं तर सून काय म्हणते ते आप्पांना कळलं असतं, आणि काहील मात्र आणखी मुकी झाली असती.

यंत्रात दोन बटणं ठेवली. पहिलं माणसांसाठी. दुसऱ्यावर आवाज दाबणारी सगळी सोय बंद केली आणि बारीक आवाज उचलून दिला. पण किती उचलायचा? माझ्या बंद खोलीत काहील कुठं होती? गुरुजी म्हणाले, “मग काहिलीकडं जायचं.”

गुऱ्हाळं जोरात सुरू झाल्यावर एका रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यानं आप्पांच्या गावी गेले. गुरुजी आणि काकू सोबत. तिथं आता आप्पांचा पुतण्या संभाजी गुळव्या होता. चाळिशी उलटलेला, कामात तरबेज. त्यानं आप्पांच्या पाया पडून खुर्ची पुढे केली. आप्पा बसले नाहीत. मी गुळाच्या एका पालथ्या बादलीवर लॅपटॉप ठेवला. एका बाजूला रस काढायचं इंजिन धडधडतंय, समोर वाफेचा डोंगर, आणि माझ्या जिवाला घोर, की एवढ्या वाफेत यंत्र टिकतंय का. दर दहा मिनिटांनी ते कानातून काढून पुसायचं, पुन्हा घालायचं.

पहिली काहील झाली. आप्पा तिच्याजवळ उभे होते, आणि शेवटी त्यांनी मान हलवली. “पत्र्याखाली पावसात बसल्यागत वाजतंय सगळं. त्यातनं काय कळंना.”

मी जाड आवाज बराच खाली आणला, म्हणजे इंजिन मागे पडावं. बारीक आवाज ठेवला. दुसऱ्या काहिलीला अडीच-तीन तास लागणार होते. आम्ही गरम गूळ आणि शेंगा खाल्ल्या. गुरुजींनी तेवढ्यात चूल पेटवणाऱ्या माणसाला ऐकू कमी येतं हे ताडलं आणि त्याच्याकडून कागद भरून घेतला. काकू एकटक नवऱ्याकडे बघत होत्या.

रस घट्ट होत आला. संभाजीनं थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी केली. गोळी मऊ होती. “अजून येळ हाय,” तो म्हणाला आणि हात पुसायला वळला.

आप्पा एक पाऊल पुढे आले. उजवा कान काहिलीकडे करून वाकले. डोळे मिटलेले. मी लॅपटॉपवरचा हातसुद्धा हलवला नाही.

“उतर,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, आत्ताच बगितली. गोळी मऊ हाय.”

“तू दुसरी गोळी बगंस्तवर करपंल. उतर म्हणतोय न्हवं!”

संभाजीनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. गूळ त्याच्या भरवशावर होता. बिघडला असता तर बोल त्याला लागणार होता. मग त्यानं गड्यांना हात केला. चौघांनी काहील ओढली आणि रस वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या उथळ हौदात, ओतला. ओतता ओतता संभाजीनं काहिलीतला थोडा पाक पुन्हा पाण्यात टाकला, गोळी केली आणि काहिलीच्या काठावर आपटली.

टण्.

तेवढ्या वेळात गोळी दगड झाली होती. आणखी थोडं थांबलं असतं तर गेलंच होतं.  संभाजीनं ती गोळी आप्पांच्या हातावर ठेवली. आप्पांनी तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, “म्याडम, ह्ये दोन नंबरचं बटण बरं हाय. असंच ठेवा.”

मी लॅपटॉप बंद केला तेव्हा चष्म्यावर वाफ होती असं सगळ्यांना सांगितलं.

त्या हंगामात आप्पा रोज गुऱ्हाळावर गेले. संभाजीच गुळव्या राहिला, पण आप्पा शेजारी. हंगाम संपता संपता दोघं नवरा-बायको तपासणीला आले. गुरुजींनी कागद पुन्हा भरून घेतले. बेरीज करून टेबलावर ठेवले, आणि या वेळी गालातल्या गालात हसत होते. तेवढ्यात आमचे डॉक्टरसाहेब काही कामानं खोलीत आले. शिस्तीचे, आकड्यांना मान देणारे. त्यांनी आप्पांचे दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

“हे काय? आधी शून्य, आता सव्वीस? यंत्र लावून त्रास वाढला? यंत्र बदलून द्यायचं का?”

“तुम्हीच विचारा त्यांना,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं. आप्पांनी नीट ऐकलं, तोंडाकडे बघत, आणि म्हणाले, “तवा मी घरात बसून हुतो, डॉक्टर. घरात कसला तरास? आता माणसांत जातोय. गुऱ्हाळावर चौघं एकदम बोलत्यात, समजंना झालंय. भाच्याच्या लग्नात गेलतो, बँडात काय बी कळलं न्हाय. फोनवर नातीचं बारीक बोलणं येत न्हाय. तरास हाय की! लई हाय. लिवला म्या सगळा.”

डॉक्टरांनी आप्पांचे कागद खाली ठेवले. मग त्यांनी काकूंचा कागद उचलला. एक्केचाळीसवरून चोवीसवर आलेला. नवऱ्याचे सव्वीस, बायकोचे चोवीस. तीन सीझन एका घरात राहून ज्यांचं एका गोष्टीवरही जमलं नव्हतं, त्यांच्यात आता दोन गुणांचा फरक होता.

“आता खरं बोलत्यात,” काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागद जपून फायलीत ठेवले. त्या दिवसानंतर आमच्याकडे कुणाच्याही नावापुढे शून्य आलं, की ते स्वतः विचारतात, “हा माणूस कुठं कुठं जातो ते विचारलंत का?” आज सांगली-साताऱ्याकडच्या माझ्या व्यवसायातल्या मुली आमचा तो कागद मागून नेतात, आपापल्या गावचे शब्द घालतात. पदव्या, प्रमाणपत्रं भिंतीवर आहेत. पण मला विचाराल तर माझ्या कामाचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र म्हणजे तो सव्वीस गुणांचा कागद.

डॉक्टर गेल्यावर मी आप्पांना म्हणाले, “आता या सव्वीसातलं एकेक कमी करूया. कुठून सुरुवात करायची?”

“सोसायटीच्या मीटिंगपासनं,” आप्पा म्हणाले. “मागं बसतोय, निम्मं कळत न्हाय.”

“मागं बसायचं नाही. चेअरमनच्या समोर, पहिल्या रांगेत बसायचं. तोंड दिसलं पाहिजे.”

“पयल्या रांगेत?” आप्पांनी काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तितं बसलं की बोलावं लागतंय, बाई.”

“मग बोला की.”

आप्पांनी थोडा विचार केला, यंत्र कानावर नीट बसवलं आणि उठता उठता म्हणाले, “बोलतो. गुऱ्हाळाकडच्या रस्त्याचं बोलायचं हायच मला.”